ताईचे पैसे कॅलिफोर्नियात होते, आम्ही शोधत होतो टेक्सासमध्ये

मागच्या महिन्यात आमच्या ताईला, म्हणजे माझ्या मामेबहिणीला, कॅलिफोर्निया सरकारचा २,३१४ डॉलरचा चेक आला. दाजींच्या शेवटच्या पगाराचे आणि न घेतलेल्या रजेचे पैसे. दाजी जाऊन आता नऊ वर्षं होतील. इतकी वर्षं हे पैसे राज्य सरकारकडे पडून होते, ताईच्या हक्काचे, आणि ताईला पत्ताच नाही. हे मी सविस्तर लिहितेय कारण अमेरिकेत राहणाऱ्या किंवा राहून परत गेलेल्या आपल्या लोकांमध्ये असे पैसे अडकलेली घरं भरपूर असणार, आणि अडकण्याचं कारण बऱ्याचदा एकच असतं, नाव.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. अमेरिकेत एखाद्या कंपनीकडे, बँकेकडे, इन्शुरन्सवाल्यांकडे तुमचे पैसे राहिले आणि ठराविक वर्षं तुम्ही त्याबद्दल काहीच हालचाल केली नाही, तर ते पैसे कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाहीत, राज्य सरकारला द्यावे लागतात. याला अनक्लेम्ड प्रॉपर्टी म्हणतात. कॅलिफोर्नियात साधारण ३ वर्षं आणि पगाराचे पैसे असतील तर १ वर्ष. राज्य ते तुमच्या नावाने जपून ठेवतं आणि तुम्ही किंवा तुमचे वारस कधीही मागू शकता, कॅलिफोर्नियात तर त्याला मुदतच नाही. प्रत्येक राज्यात हे खातं वेगळ्या ऑफिसकडे असतं, कॅलिफोर्नियात स्टेट कंट्रोलर, टेक्सास आणि न्यूयॉर्कमध्ये कंप्ट्रोलर, इलिनॉयमध्ये ट्रेझरर, आमच्या न्यू जर्सीत ट्रेझरी. बघायला पैसे लागत नाहीत, मागायलाही लागत नाहीत.

मला स्वतःला हे कळलं ते असंच, ऑफिसात जेवताना एकीने सांगितलं म्हणून. आम्ही २००८ ते २०११ शिकागोजवळ शॉमबर्गला होतो, नवऱ्याचं प्रोजेक्ट होतं तिथे, नंतर न्यू जर्सीत एडिसनला आलो. इलिनॉयच्या आयकॅश नावाच्या साइटवर मी नवऱ्याचं नाव टाकलं आणि वीज कंपनीकडे ठेवलेलं डिपॉझिट निघालं, ८६ डॉलर. मीटर बंद करून आम्ही निघालो तेव्हा त्यांनी रिफंडचा चेक जुन्या पत्त्यावर पाठवला असणार. ऑनलाइन क्लेम केला, लायसन्सची कॉपी आणि जुन्या पत्त्याचा एक कागद अपलोड केला, काही आठवड्यांनी चेक आला. ८६ डॉलर म्हणजे काही फार नाही पण मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी ओळखीतल्या सगळ्यांना मेसेज टाकला, तुमची जुनी राज्यं बघा म्हणून.

त्यावर ताईचा फोन आला. अगं, मला मागे एक पत्र आलं होतं, म्हणाली. कुठल्यातरी एजंटचं, की तुमच्या दिवंगत पतीच्या नावावर रक्कम आहे, ती आम्ही मिळवून देऊ, ३० टक्के आमचे, इथे सही करा. कुठे आहे, कोणाकडे आहे, किती आहे, काही नाही. तिला वाटलं फसवणूक आहे, फाडून टाकलं. मला ऐकताना काटा आला अंगावर, कारण हे एजंट लोक सरकारच्याच याद्या बघून पत्रं पाठवतात. म्हणजे रक्कम खरोखर कुठेतरी असण्याची शक्यता होती.

दाजी गेल्यानंतर ताई मुलाला घेऊन भावाजवळ टेक्सासला फ्रिस्कोला आली, तेव्हापासून तिथेच आहे. त्यामुळे त्या रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसून आधी टेक्सासची साइट उघडली. दाजींचं नाव, काही नाही. ताईचं नाव, काही नाही. मुलाचं नाव टाकलं, तेही नाही. ताई म्हणाली जाऊ दे गं, नसेल. आणि मी पण जवळजवळ सोडून दिलं होतं, तेवढ्यात मला माझंच डिपॉझिट आठवलं. मी राहते न्यू जर्सीत पण पैसे निघाले इलिनॉयमध्ये!

याचं कारण नंतर वाचून काढलं. पैसे कुठल्या राज्याकडे जाणार हे तुम्ही आज कुठे राहता त्यावर ठरत नाही, कंपनीच्या रेकॉर्डमध्ये तुमचा शेवटचा पत्ता कुठला होता त्यावर ठरतं. हा नियम १९६५ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने घालून दिला, टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी असा खटला होता, सन ऑइल नावाच्या तेल कंपनीकडे लोकांचे न नेलेले २६ हजार डॉलर होते, छोटे छोटे चेक, आणि त्यावर कोणाचा हक्क म्हणून राज्यं भांडत होती. कोर्टाने सांगितलं की मालकाचा शेवटचा माहीत असलेला पत्ता ज्या राज्यात, पैसे त्या राज्याकडे. आणि पत्ताच नसेल तर कंपनीची नोंदणी ज्या राज्यात आहे त्या राज्याकडे. म्हणून डेलावेअरची साइटही एकदा बघायची, तिथे कधी पाऊल ठेवलं नसलं तरी, कारण अमेरिकेतल्या ढीगभर कंपन्यांची नोंदणी त्या एवढ्याशा राज्यात आहे.

तर कॅलिफोर्निया. ताई दाजी फ्रीमॉन्टला राहायचे. मी कंट्रोलरची साइट उघडली, क्लेमइट डॉट सीए डॉट जीओव्ही, आणि दाजींचं नाव टाकलं. शून्य. दाजींचं नाव दत्तात्रय. आता हे नाव इंग्रजीत किती प्रकारे लिहितात विचार करा. शेवटी वाय ए, नुसताच वाय, मध्ये आर ई वाय ए करून दत्तात्रेय, कोणी एक टी गाळतो. पासपोर्टवर एक, डिग्रीवर दुसरं. मी एकेक करून टाकत गेले, ताई तिकडून सांगतेय हे टाक, ते टाक, आणि काहीच नाही. मग मी नुसतं आडनाव टाकलं आणि शहर फ्रीमॉन्ट. यादी आली. ताईला स्क्रीन शेअर केली होती, मी हळूहळू खाली नेत होते आणि ती एकदम म्हणाली थांब. थांब, हेच.

नाव होतं पांडुरंग. म्हणजे दाजींच्या वडिलांचं. कंपनीच्या पगाराच्या सिस्टीममध्ये पहिल्या नावाच्या जागी वडिलांचं नाव पडलं होतं आणि दत्तात्रयमधली पहिली चार-पाच अक्षरं तेवढी मधल्या नावाच्या जागी उरली होती, बाकीची कापलेली. पण पत्ता बरोबर होता, त्यांच्या जुन्या अपार्टमेंटचा, नंबरसकट. ताईने तो नंबर मोठ्याने वाचला. तिथेच तिचा मुलगा रांगायला लागला होता. कॅलिफोर्नियाच्या साइटवर रक्कम पूर्ण दिसते, कोणी जमा केली ते दिसतं, पैसे कशाचे आहेत तेही दिसतं, काही राज्यं मात्र रक्कम दाखवत नाहीत किंवा नुसतं १०० डॉलरच्या वर एवढंच सांगतात. इथे लिहिलं होतं पगार, २,३१४ डॉलर, आणि खाली दाजींच्या कंपनीचं नाव. कॅलिफोर्नियात साठलेली रजा हा पगारच धरतात, माणूस नोकरी सोडो किंवा जावो, ती द्यावीच लागते. कंपनीने दिली होती, पण कागदी चेक करून त्या जुन्या पत्त्यावर, जिथून ही दोघं दाजींच्या आजारपणाच्या आधीच निघाली होती. चेक गेला, कोणी वटवला नाही, वर्ष उलटलं, पैसे राज्याकडे.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, सासऱ्यांच्या नावावर पडले बघ.

म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगते, नाव एकदाच टाकून साइट बंद करू नका. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन तुकडे असतात आणि इथल्या फॉर्मला ते कळत नाहीत. वडिलांचं नाव पहिलं धरून शोधा. आडनाव आणि नाव उलटं करून शोधा. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव होतं त्यांच्या इथल्या कागदांवर पहिल्या नावाच्या जागी एफ एन यू येतं, फर्स्ट नेम अननोन, तर तेही टाकून बघा. क्ष, ज्ञ, श असलेली आडनावं, शेवटी ए लागणारी किंवा न लागणारी, दीक्षितमधला क्ष के एस एच ने लिहिलाय की एक्सने, सगळं बघा. आणि बायकांनी तर माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नात बदललेलं नाव, नवऱ्याचं नाव मधे असलेलं आणि नसलेलं, सगळंच. बहुतेक राज्यांसाठी मिसिंगमनी नावाची एक एकत्र साइट आहे, राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या संघटनेचाच तिला पाठिंबा आहे, ती चांगली आहे पण तिच्यावरच थांबू नका, जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक राज्याची स्वतःची साइट उघडा.

सापडणं एक आणि मिळवणं एक. दाजी हयात नाहीत म्हणून ताईला वारस म्हणून क्लेम करायचा होता. मृत्यूपत्र केलेलं नव्हतं. आम्हाला वाटलं आता वकील, कोर्ट, पण तसं नाही, गेलेल्या माणसाची कॅलिफोर्नियातली एकूण मालमत्ता ठराविक रकमेच्या आत असेल आणि मृत्यूला ४० दिवस होऊन गेले असतील तर प्रोबेट कोडच्या, म्हणजे तिथल्या वारसाहक्काच्या कायद्याच्या, कलम १३१०१ खाली एक डिक्लरेशन भरून देता येतं, कंट्रोलरच्या साइटवर त्याचा फॉर्मच आहे. रक्कम १,००० डॉलर किंवा जास्त असेल तर क्लेम फॉर्मवरची सही नोटरीसमोर करावी लागते, ते ताईच्या बँकेत फुकट झालं. बाकी मृत्यूचा दाखला, ताईचं लायसन्स, दोघांचे सोशल सिक्युरिटी नंबर, आणि दाजी त्या जुन्या पत्त्यावर राहत होते याचा काहीतरी पुरावा.

या पुराव्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या घराचा कागद कोण ठेवतं? ताईने फ्रिस्कोला येताना दाजींच्या फायली एका बॅगेत भरून आणल्या होत्या आणि ती बॅग तिने कधी उघडलीच नव्हती. सहा-सात दिवस ती नुसतं उद्या बघते म्हणत राहिली, मी पण घाई केली नाही. मग एका रात्री तिचा फोटो आला व्हॉट्सॅपवर, निळ्या फाइलचा, वर दाजींच्या अक्षरात मराठीत लिहिलेलं, टॅक्स २०१२, फ्रीमॉन्ट. आत डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनी दरवर्षी देते तो पगाराचा आणि टॅक्सचा कागद, त्यावर कंपनीचं नाव, जुना पत्ता आणि नाव अगदी त्याच चुकीच्या क्रमाने, आधी पांडुरंग! म्हणजे ज्या चुकीमुळे पैसे सापडत नव्हते तीच चूक छापलेला कागद पुरावा म्हणून मिळाला. दाजींनी प्रत्येक वर्षाची अशी फाइल करून ठेवली होती, त्या माणसाच्या नीटनेटकेपणाला नमस्कार.

दुसरा गुंता ताईच्या नावाचा. इथल्या मृत्यूच्या दाखल्यावर हयात पत्नीचं नाव लिहितात ते जन्माचं, म्हणजे माहेरचं. आणि ताईचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. दाखल्यावर एक बाई, लायसन्सवर दुसरी, आडनावही वेगळं आणि नावही वेगळं. कंट्रोलरच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला हे कसं कळावं की ताटात तांदूळ पसरून दाजींनी अंगठीने त्यात हे नवीन नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून ही बाई त्या नावाची झाली? मी होते त्या लग्नात, करवली म्हणून शेजारीच उभी होते, दाजींचा हात थरथरत होता आणि शेवटचं अक्षर तांदळात नीट उमटेना तेव्हा त्यांनी ते परत लिहिलं. तर लग्नाचा दाखला जोडला, तो साताऱ्याचा, मराठीतला, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, आणि एका साध्या कागदावर ताईने दोन ओळी लिहिल्या की लग्नानंतर आमच्याकडे नाव बदलायची पद्धत आहे, ही दोन्ही नावं माझीच. सगळं एकत्र करून फेब्रुवारीत पोस्टाने पाठवलं, कॉपी ठेवून, ट्रॅकिंग नंबर घेऊन.

एजंटांबद्दल एवढंच सांगते की कॅलिफोर्नियात अशा एजंटला कायद्याने १० टक्क्यांच्या वर फी घेता येत नाही. ताईच्या पत्रात ३० टक्के लिहिलं होतं. जे काम तुम्ही घरी बसून फुकट करू शकता त्यासाठी विधवा बाईकडून जवळजवळ तिसरा हिस्सा मागायचा, आणि तोही तिला पैसे कुठे आहेत हे न सांगता... मला याचा खरंच राग येतो. असं पत्र आलं तर सही करू नका पण फाडूनही टाकू नका, ते हातात घेऊन आधी राज्याच्या साइटवर शोधा. आणि पैसे सोडवून घ्यायला आधी फी भरा असा मेसेज आला तर तो सरकारचा नाही.

आयटीतल्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट, आणि ही पैशाच्या हिशोबाने सगळ्यात मोठी आहे. जुन्या कंपनीत मिळालेले शेअर्स, ते ज्या ब्रोकरच्या खात्यात पडलेत तिथे वर्षानुवर्षं लॉगिन केलं नाही, पत्ता बदलला, पत्रं परत गेली, तर ते शेअर्ससुद्धा राज्याकडे जातात आणि राज्य ते काही काळाने विकून टाकतं. मग तुम्ही मागायला गेलात तर विक्रीच्या दिवशी जे आले तेवढेच मिळतात, नंतर भाव दहापट झाला तरी. रोख पैशावर कॅलिफोर्निया व्याजही देत नाही. म्हणून जुन्या खात्यांवर वर्षातून एकदा तरी लॉगिन करा, नवीन पत्ता टाका. बँकेच्या लॉकरचंही तसंच, भाडं थकून कॅलिफोर्नियात ३ वर्षं झाली की आतलं सगळं राज्याकडे. आईने दिलेल्या पाटल्या, मंगळसूत्र इथल्या लॉकरमध्ये ठेवून भारतात परत गेलेल्या माझ्या ओळखीत दोघी आहेत, दोघींना मी फोन केले.

परत गेलेल्यांना पण हे पैसे मागता येतात बरं का. शिकायला आलेला मुलगा पुण्याला परत गेला, मागे बँकेत ४०० डॉलर राहिले, ते अजून त्याचेच आहेत. नोटरीचं काम असेल तर मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट घेऊन होतं.

आणि उलट बाजूने, भारतातल्या आईवडिलांच्या जुन्या एफडी, जुनी खाती. तिथे हे राज्य सरकारकडे जात नाही, १० वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, आणि शोधायला रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ ला उद्गम नावाचं पोर्टल सुरू केलंय. तिथे सापडलं तर पैसे मात्र त्याच बँकेतून मागायचे. माझ्या बाबांच्या नावाने मी बघितलं, काही निघालं नाही, आईच्या माहेरच्या नावाने अजून बघायचंय.

तर फेब्रुवारीत पाठवलेले कागद. कायद्याने त्यांना १८० दिवस असतात. मध्ये एकदा त्यांचं पत्र आलं, डिक्लरेशनमधला एक रकाना भरायचा राहिला होता, तो भरून परत पाठवला. मग शांतता, ताई आठवड्यातून एकदा साइटवर क्लेम नंबर टाकून बघायची. आणि मागच्या महिन्यात चेक आला, ताईच्या नावाचा, स्पेलिंग अगदी बरोबर. तिने तो लगेच बँकेत टाकला नाही. देवापुढे ठेवला, दाजींच्या फोटोला हात लावला, कॉलेजात असलेल्या मुलाला फोन करून सांगितलं की बाबांचा पगार आलाय. त्याने विचारलं म्हणजे काय आई, आणि मग तिने त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं, रजा का साठली होती तेसुद्धा. भारतात जायचं होतं त्यांना त्या डिसेंबरमध्ये, सहा आठवडे, पोराला किल्ले दाखवायचे म्हणून दाजी एकेक दिवस वाचवत होते.

गेल्या रविवारी ताईचा परत फोन. मला वाटलं सहज केलाय. तर तिच्यासमोर दाजींची जुनी डायरी होती, फ्रीमॉन्टच्या त्या अपार्टमेंटमधल्या मराठी मंडळींची, गणपतीच्या वर्गणीची यादी, ३० की ३२ घरं. त्यातली निम्मी आता कुठे कुठे विखुरलीत, काही भारतात. लॅपटॉप उघड, म्हणाली, मी नावं सांगते, तू टाइप कर, वडिलांच्या नावानेही बघ. चौथ्या नावाला पहिली रक्कम निघाली. त्यांचा नंबर ताईकडे नव्हता, तो शोधतोय आम्ही सध्या.